चाळीस वेळा चावा

शिळा पाव नुसता खाणारे टिरोलच्या डोंगरातल्या आमच्या ओबरलेन गावात दोघेच. एक मोझरांची डुकरं, आणि दुसरे वरच्या उपासमहालातले पाहुणे. डुकरांना तो फुकट मिळतो. पाहुण्यांना तो तीन दिवस मुद्दाम वाळवून, पांढऱ्याशुभ्र बशीत, एका इवल्याशा चमच्यासोबत मिळतो आणि त्यासाठी ते वर्षभर आधी खोली राखून ठेवतात.

माहितीपत्रकावर त्या जागेला सूर्य, शांती आणि नवा जन्म यांच्यापासून बनवलेलं एक लांबलचक नाव आहे. गावात ते कुणी घेत नाही. खालून बघितलं तर काचेची ती तीन मजली इमारत उतारावर ऊन खात बसलेली दिसते, आणि आत डुसेलडॉर्फचे कारखानदार नि झुरिकच्या बँकवाल्यांच्या बायका सकाळी सहाला कडू मिठाचं पाणी पिऊन आपापल्या संडासाकडे धावत असतात. याला आतडी शुद्ध करणं म्हणतात. आमच्याकडे पूर्वी हे नासलेल्या ताकाने व्हायचं आणि कुणी त्याचं प्रमाणपत्र देत नसे.

नोटबुर्गा लानर, म्हणजे गावाची बुर्गल, या महालाच्या जेवणघरात एकोणतीस वर्षं होती. तिचं काम लोकांना चावायला शिकवणं. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. पावाचा नखाएवढा तुकडा तोंडात घ्यायचा, चाळीस वेळा चावायचा, मग चमचाभर दूध, पुन्हा चावायचं. बोलायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही, खिडकीबाहेर बघून उसासे टाकायचे नाहीत. बुर्गल हातात चमचा घेऊन टेबलांमधून फिरायची आणि ज्यांच्या एका शब्दावर हजार माणसं कामाला लागतात अशांच्या मागे उभी राहून म्हणायची, "सव्वीसलाच गिळलंत. मी बघितलं. पुन्हा घ्या."

आणि ते मुकाट्याने पुन्हा घ्यायचे.

तिला हे फार आवडायचं. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा? घरी तिचं कधी कुणी ऐकलं नव्हतं. नवरा कोर्बिनियान लाकूडतोड्या होता. चार वर्षांपूर्वी गेला तोही डॉक्टरकडे जा म्हणून ती कानीकपाळी ओरडत असताना. मुलगा लिंट्सला असतो, रविवारी फोन करतो आणि स्वतःच बोलून ठेवून देतो. उरलेलं घर गप्प. त्या घराचा बासष्टाव्या वर्षी तिने धसका घेतला होता. जेवणघर सुटलं तर आपण त्या स्वयंपाकघरात बसून भिंतीशी बोलायला लागू, असं तिला खरंच वाटायचं.

त्यामुळे ऑगस्टच्या शेवटी डॉक्टर राइनेल्टनी बोलावलं तेव्हा ती हातातला चमचा न ठेवताच गेली.

डॉक्टर राइनेल्ट तीन वर्षांपूर्वी व्हिएन्नाहून मुख्य होऊन आले होते. माणूस काटक, गोरापान, आणि शिंगाची बटणं लावलेलं टिरोली जाकीट घालणारा. आमच्याकडे ते जाकीट लग्नात आणि मयताला घालतात. डॉक्टर मंगळवारीही घालायचे.

"लानरबाई, बसा," ते म्हणाले आणि टेबलावर वाटाण्याएवढं एक यंत्र ठेवलं. "हे कानामागे लावायचं. किती वेळा चावलं ते मोजतं. चाळीसच्या आधी गिळलं तर गुणगुणतं."

"आणि मी?"

"तुम्ही खूप केलंत हो. नोव्हेंबरपासून आराम करा."

बुर्गलने यंत्राकडे बघितलं. "याला कळतं का, कोण रुमालात थुंकतंय ते?"

डॉक्टर हसले, पण कोरडं. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी खरी गोष्ट काढली. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी गावातल्या गायी वरच्या कुरणातून खाली येतात, रस्ता महालाच्या वळणावरून जातो. यंदा तो दिवस त्यांनी उपचारांच्या वेळापत्रकात छापला होता. फुलांचे मुकुट घातलेल्या गायी, घंटा, पाहुण्यांसाठी ब्लँकेटं, हातात गरम भाजीचं पाणी. आता कानावर आलं होतं की यंदा गायी मुकुटाशिवाय येणार.

"येणारच," बुर्गल म्हणाली. "झिली गेली ना."

झिली तिच्या भावाची, व्हिन्झची, म्होरकी गाय. ऑगस्टमधल्या गारपिटीत दगडांच्या उतारावरून घसरली, दोन्ही पुढचे पाय मोडले. व्हिन्झने खाटकाला वर बोलावलं आणि स्वतः तिचं डोकं धरून बसला. उन्हाळ्यात एक जनावर जरी दगावलं तरी कळप सजवायचा नाही, मोठ्या घंटा काढून ठेवायच्या, मुकाट खाली यायचं, ही आमची रीत. तिला कुणी रीत म्हणतही नाही. घरात माणूस गेल्यावर कुणी बँड लावतं का?

"एका गायीसाठी?" डॉक्टर म्हणाले. "बावीस तर जिवंत आहेत. लानरबाई, तुमचा भाऊ तुमचं ऐकतो. गायी सजवून आणा, हे यंत्र मी कपाटात ठेवतो. आणखी दोन वर्षं जेवणघर तुमचं."

बुर्गल नाही म्हणाली असं मला इथे लिहायला आवडलं असतं. पण ती म्हणाली, "विचारून बघते." रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेला न जाता ती अडीच तास चढून कुरणावर गेली.

व्हिन्झ झोपडीबाहेर बसून चीज पुसत होता. तिने सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही ते कळायला मार्ग नव्हता. तिच्या माहेरचे पुरुष ऐकताना दगडासारखे बसतात.

शेवटी म्हणाला, "त्या व्हिएन्नावाल्याला सांग, त्याच्या आईच्या मयताला मी अकॉर्डियन घेऊन येतो."

"व्हिन्झ, मस्करी नको. माझी नोकरी जाईल."

"मुकुट कोण विणतं दरवर्षी?"

"मी."

"मग मला कशाला विचारतेस? तू विणलास तर मी चढवतो. एक शब्द बोलणार नाही." त्याने चीज उलटं केलं. "झिली गेली तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

हे त्याने फार वाईट केलं. नाही म्हणाला असता तर तिला त्याच्यावर चिडता आलं असतं.

आठवडाभर बुर्गलच्या स्वयंपाकघरात फर वृक्षाच्या डहाळ्या, लाल फिती आणि मुकुटाच्या मधला छोटा आरसा पडून होता. बुधवारी तिने विणायला घेतलं. अर्धा मुकुट झाला, छानच झाला. मग आरसा बसवताना तिला त्यात आपलं तोंड दिसलं आणि झिली वासरू असताना बाटलीने दूध पिताना कशी ढुशी द्यायची ते आठवलं. तिला रडू आलं. मनसोक्त रडून झाल्यावर तिने डहाळ्या चुलीत घातल्या आणि व्हिन्झला फोन केला. "तशाच आण," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या शनिवारी वळणावर एकवीस पाहुणे ब्लँकेटं पांघरून उभे होते. उपासाचा सहावा दिवस. चेहरे पावाच्याच रंगाचे झालेले. सगळ्यात पुढे ब्रोकमानसाहेब, डुसेलडॉर्फचे, नळांच्या तोट्या बनवणारे. दरवर्षी येतात, दरवर्षी नऊ किलो इथे ठेवून जातात आणि ख्रिसमसपर्यंत नव्याने मिळवतात.

डॉक्टरांना मात्र भावंडांचा भरवसा वाटला नसावा. त्यांनी माळ्याकडून महालाच्या औषधी बागेतल्या सेज, पुदिना आणि झेंडूचा एक गलेलठ्ठ मुकुट करून घेतला होता. तो हातात धरून, मंगळवारचं जाकीट घालून, ते रस्त्याच्या मधोमध उभे होते.

गायी आल्या. घंटा नाहीत, फुलं नाहीत, फक्त खुरांचा आवाज. पुढे व्हिन्झ, टोपी हातात. पाहुण्यांनी फोन वर केले आणि कुणास ठाऊक का, एकेक करून खाली घेतले.

डॉक्टर पुढे झाले आणि पहिल्याच गायीच्या, फ्लोराच्या, डोक्यावर मुकुट ठेवायला गेले. फ्लोराने मान वाकडी केली, मुकुट हुंगला, आणि डॉक्टरांच्या हातातूनच खायला सुरुवात केली. निवांत, डोळे अर्धे मिटून. त्या वळणावर नियमाप्रमाणे चावणारी तेवढी एकच होती.

"हे काय चाललंय?" ब्रोकमानसाहेबांनी हळू आवाजात विचारलं. "घंटा का नाहीत?"

बुर्गल सगळ्यांच्या मागे उभी होती. नोकरी तर गेलीच होती, तेव्हा तिने सरळ सांगितलं. "यांची एक जण वर मेली, साहेब. आज खाली तिचं जेवण आहे."

"तिचं काय?"

"जेवण. पाय मोडलेल्या गायीचं मांस वाया घालवत नाहीत. घरोघर वाटून घेतात, म्हणजे मालकाला एकट्याला सोसावं लागत नाही. फ्रीजरमध्ये राखलेला शेवटचा वाटा आज. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गुलाश आहे."

'गुलाश' हा शब्द त्या माणसांवरून वाऱ्यासारखा फिरला. आधी कुणीच हललं नाही. मग ब्रोकमानसाहेबांनी ब्लँकेट घडी करून डॉक्टरांच्या हातात दिलं, जिथे नुकताच मुकुट होता, आणि ते गायींच्या मागून चालू लागले. त्यांच्यामागून झुरिकच्या बाई. मग सगळेच.

हॉलमध्ये गावाने त्यांना बाकांवर सरकून जागा दिली. मयताच्या जेवणाला आलेल्याला आमच्याकडे कुणी परत पाठवत नाही, डुसेलडॉर्फचा असला तरी. ताटात गुलाशचा दाट लाल रस्सा, बाजूला मुठीएवढे दोन गोळे. ब्रोकमानसाहेबांनी एक गोळा फोडला, आत पांढरं बघितलं आणि थबकले.

"बाई, हा पाव आहे?"

"पावच आहे. शिळाच आहे. फक्त याला दूध, अंडं आणि थोडी अक्कल लागते."

त्यांनी घास घेतला आणि ढसाढसा रडायला लागले. आई असेच करायची, म्हणाले. त्यांची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तिच्या मयताला ते शांघायला होते. व्हिन्झने त्यांच्यापुढे श्नाप्सचा, म्हणजे कडक दारूचा, पेला सरकवला. बुर्गल सवयीने त्यांच्या मागे उभी राहिली. "सावकाश," ती म्हणाली. "मी मोजतेय."

सोमवारी डॉक्टरांनी बोलावलं. बुर्गलने जेवणघरातल्या आपल्या कपाटाची चावी परत द्यायला आधीच खिशात घालून नेली.

पण डॉक्टरांचा चेहरा फुलला होता. "लानरबाई, तुम्ही कमाल केलीत! सगळ्यांचे अभिप्राय वाचले. एकोणीस जणांनी लिहिलंय, आयुष्यातला सर्वांत खोल अनुभव. ब्रोकमानसाहेबांनी पुढच्या सप्टेंबरची खोली आत्ताच घेतली." त्यांनी एक कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला. वर ठळक अक्षरांत 'मूक अवतरण' आणि खाली 'शोकातून शुद्धी'. काळी फीत, व्हिन्झच्या हातातली टोपी, आणि अर्ध्या वाटीचा गुलाश, कमी तेलातला. "हे सगळं तुम्ही सांभाळायचं. ते यंत्र विसरा. दोन वर्षं कसली, हवं तितकी वर्षं राहा."

बुर्गलला क्षणभर फार हायसं वाटलं. जेवणघर, चमचा, मुकाट चावणारी ती मोठी माणसं. सगळं परत.

"फक्त एक," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वर्षी सगळ्या गायी सुखरूप आल्या तर? म्हणजे, तुमच्या भावाला तेव्हाही त्या बिनमुकुटाच्या आणता येतील ना? आम्ही छापलंय."

बुर्गलने कागद फिरवून डॉक्टरांकडे परत सरकवला.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "वरच्या सगळ्या जनावरांना जपून खाली आण, अशी मी रोज देवाला विनवणी करते. त्या विनवणीच्या विरुद्ध पगार मला घेता यायचा नाही."

तिने चावी टेबलावर ठेवली. चमचा मात्र तिने नेला. तो तिने एकोणतीस वर्षं वापरला होता.

त्या हिवाळ्यात घर तिला खायला उठलं, हे खोटं कशाला सांगू? फेब्रुवारीत ती खरंच भिंतीशी बोलली. पण पुढच्या सप्टेंबरात बावीसच्या बावीस गायी खाली आल्या, एकीच्या शेपटीलाही धक्का नाही, आणि फ्लोराच्या डोक्यावर बुर्गलने असा मुकुट चढवला होता की आरसा अर्ध्या दरीत चमकत होता. घंटांनी कान किटले. कळपाच्या पुढे बुर्गल स्वतः चालत होती.

वळणावर महालाचे पाहुणे काळ्या फिती लावून, माना खाली घालून उभे होते. डॉक्टर त्यांच्यामधून पळत आले. "लानरबाई, घंटा! निदान घंटा तरी काढा!"

ती थांबलीच नाही. ब्रोकमानसाहेब तेवढे रांगेतून बाहेर आले आणि तिच्या बरोबरीने चालत कुजबुजले, "बाई, यंदा कोण गेलं?"

"कुणी नाही."

त्यांचा चेहरा पडला. "मग जेवण नाही?"

"कुणी गेलं नाही म्हणूनच आहे. गरम किआख्ल तळताहेत, आंबवलेल्या पिठाच्या फुगीर पुऱ्या, वर मुरंबा. ती फीत काढा आधी, गायी बिथरतील."

ब्रोकमानसाहेबांनी फीत काढून खिशात घातली. मागे वळून बघितलं तर आणखी दहाबारा जण फिती सोडत होते. हॉलमध्ये त्यांनी गरम किआख्लचा एवढा मोठा तुकडा तोंडात कोंबला की गाल फुगले. मग एकदम आठवण होऊन, घाबरून, त्यांनी बुर्गलकडे बघितलं.

ती त्यांच्या समोरच्या बाकावर बसली होती आणि स्वतः खात होती. तिने मोजलं नाही.