बोक्याचं सुतक

तुम्ही मांजर पाळलंत, आणि आपल्या जेवणातलं त्याला काय काय चालतं असं मला विचारलंत. आधी उत्तर देते, बाकीचं मग सांगते. उकडलेली कोंबडी चालते, हाडं काढून. उकडलेलं अंडं चालतं. मासा चालतो, काटे नीट निवडलेले असले तर. चमचाभर मऊ भात, लाल भोपळ्याची उकडलेली फोड, एवढं पोटाला सोसतं. दूध सगळ्या मांजरांना पचत नाही, चित्रांत काहीही दाखवोत. मीठ, मसाला, तळलेलं नको. आणि कांदा-लसूण मुळीच नको. कच्चा नको, शिजवलेला नको, रश्शातून उतरलेलाही नको.

हे शेवटचं मी पुस्तकात वाचलं ते फार पुढे, सांगलीला शिकवायला लागल्यावर. त्याआधी ते मी घरात पाहिलेलं होतं.

आमचं गाव रहिमतपूरच्या जवळ. घरचा ऊस होता, आणि ऊस असला तरी घरातला एक जण पलटणीत जायचा. आमच्या घरातून माझा थोरला भाऊ गेला. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. मी साताऱ्याला नातेवाइकांकडे राहून इंग्रजी शाळेत जात असे आणि सुट्टीला घरी येत असे.

भावाचा एक पिवळा बोका होता. गुऱ्हाळावर चुलवणाच्या उबेला पडलेलं पिल्लू त्यानं सदऱ्याच्या खिशात घालून आणलं होतं. भाऊ जेवायला बसला की बोका त्याच्या मांडीला लागून बसायचा. मटण असलं की भाऊ एक तुकडा उचलायचा, वाटीत पाणी घेऊन तो चांगला धुवायचा आणि बारीक दोरे करून ताटाच्या कडेला ठेवायचा. बोका तिथूनच खायचा.

आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, समोर बसून बघायची. "बघा बया, मटणाला आंगूळ घालतोय. आता टावेल आणा कुणीतरी."

"मसाला बादतो त्याला, आजी."

"उद्या बायकू आली म्हंजे तिला तरी एवढं जपशील का रं?"

"तिला कशाला धुवायचंय?" भाऊ म्हणायचा, आणि आजी हसता हसता खोकायला लागायची.

पलटणीत जायच्या दिवशी त्यानं आईला एवढंच सांगितलं, "बोक्याला तेवढं बघ. मी आलो की मग माझा मी बघतो."

एका सुट्टीत, दुपारी, तार आली. गावातल्या पेन्शनर सुभेदारांनी ती आमच्या ओट्यावर उभं राहून वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी तिची घडी घातली आणि वडिलांच्या हातात दिली. आई आत जोंधळे पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. मी रडले की नाही ते मला आठवत नाही. सुपातल्या जोंधळ्यांवर एक कोंबडी येऊन टोचा मारत होती आणि तिला कुणी हाकललं नाही, हे आठवतं.

आमच्याकडे सुतक फिटेपर्यंत चूल पेटत नसे. भाऊबंदांच्या घरून भाकरी आणि पिठलं यायचं. पिठल्यात कांदा, लसूण, हिरवी मिरची. दूध, अंडी, मटण-मासळीचं वशाट, सगळं बंद. म्हशीचं दूध रेडकाला सोडत. आईसमोर भाकरी ठेवली की ती एक तुकडा मोडायची आणि तो तसाच हातात धरून बसायची. तो हातातून काढून घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

बोक्याचं काय करायचं हा प्रश्न पहिल्याच सकाळी आला, कारण त्यानं उंदीर मारून सोप्यात आणून टाकला.

आजी म्हणाली, "घरातला एक गेलाय. आता ह्या उंबऱ्याच्या आत आणिक जीव मारायचा न्हाई. झाकून ठेवा त्याला." बोक्याला कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवलं, वर पाटा ठेवला. "आन त्याला बी आपलंच पिठलं-भाकरी घाला."

शेजारच्या घरातली माझी चुलती भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "आवं आत्याबाई, मांजराला कुटं सुतक असतं व्हय?"

"त्याच्या ताटात जेवत हुतं का न्हाई?"

"व्हय, जेवत हुतं."

"मग लागतंय."

चुलतीनं भाकरी पिठल्यात कालवली आणि डालग्याखाली सारली. मला तर ते बरोबरच वाटलं. आमच्याइतकाच तोही घरचा होता.

बोका आधी डालग्याला नखं घासत ओरडला. मग भुकेनं पिठलं खाऊ लागला. चार-सहा दिवस गेले. तो ओरडेनासा झाला. डालगं उचललं तरी बाहेर येईना. अंगाखालची जमीन लघवीनं तांबूस ओली असायची. मी त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या गुलाबी असतात, त्या धुतलेल्या फडक्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. श्वास भराभर चालला होता.

मी आजीला सांगितलं. आजी वाकून त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कळलं त्याला. मुकं जनावर, पर कळलं."

हे गावात पसरलं. बायका भेटायला आल्या की आईपाशी बसायच्या, मग उठून डालग्यापाशी जायच्या. पदर तोंडाला लावायच्या. "मालकामागं जीव सोडतंय बघा." "लय माया." एकीनं लेकराला आणून दाखवलं. चुलतीनं त्याच्यापुढे पिठल्यात कालवलेली ताजी भाकरी ठेवली आणि बोक्यालाच म्हणाली, "खा रं बाबा, आसं करू नगंस."

भाऊ परत येणार नव्हता. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. त्याचं शरीरही आमच्यापर्यंत आलं नाही. आईकडे त्यानं सोपवलेलं असं हे एवढंच होतं, आणि तेही चाललं होतं. घरातले सगळे बघत होते, पण त्याला थांबवायचं असतं हे कुणाच्या मनात येत नव्हतं. माझ्याही नाही. मला त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं. मी पाणी भरत होते, आईच्या हातातली भाकरी काढून घेत होते.

चुलतीनं ती भाकरी ठेवली त्या दुपारी आई आपणहून उठली. ती डालग्यापाशी आली आणि बोक्यासमोरची वाटी तिनं उचलून नाकाशी नेली.

"तो धुऊन घालायचा," आई म्हणाली.

तारेनंतरचं तिचं ते पहिलं बोलणं. चुलती गडबडली. "काय म्हंता, जाऊबाई?"

"माझा लेक ह्याला धुऊन घालायचा. तुमी मसाल्याचं घालताय."

ती परड्यात गेली. कोंबडीच्या खुराड्यातून अंडं काढून आणलं. मग चुलीसमोर बसली, राख बाजूला सारली, दोन शेणकुटं उभी केली आणि काडी ओढली. चुलती "अगं बया" म्हणून भिंतीला टेकली. सुतक फिटायचं होतं. आजी दारात उभी राहिली. तिचा शब्द मोडायची आमच्या घरात रीत नव्हती, आणि आईनं तो कधी मोडलेला मी पाहिला नव्हता.

पाण्याला उकळी आली, अंडं शिजलं. आईनं अंडं सोललं, पिवळा बलक पाण्यात कालवला आणि बोक्याला मांडीवर घेऊन बोटानं त्याच्या दातांच्या फटीत लावू लागली. पहिल्या दोन वेळा तो तसाच ओघळला. मग जीभ हलली. आई पुन्हा बोट बुडवायची, पुन्हा लावायची. अंगाई गात नव्हती, रडत नव्हती. भाकरीचं पीठ मळावं तसं करत होती.

आजी बराच वेळ बघत होती. मग ती आत आली आणि चुलीजवळ बसली.

"पेटलीच हाय," ती म्हणाली, "तर माजा च्या ठेव."

त्यानंतर आमच्या घरी चूल रोज पेटली. बोक्याला उठून चालायला बरेच दिवस लागले, पण तो चालला, आणि पुढे बरीच वर्षं जगला. आमच्या घरात कोणी त्याला पुन्हा मसाल्याचं घातलं नाही. नुसतं धुऊन सगळा मसाला जात नाही, म्हणून तुम्ही त्याचा तुकडा वाटण घालायच्या आधीच बाजूला काढा.

अंड्याचं पांढरं त्या दुपारी वाटीत उरलं होतं. आईनं ते हातात घेतलं. मी सवयीनं काढून घ्यायला हात पुढे केला. तिनं माझा हात बाजूला केला आणि ते खाल्लं.