तिसऱ्या खांबाजवळची फरशी

आमच्या मामांनी बत्तीस वर्षे लोकांच्या घरांत फरशा बसवल्या. त्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरले की त्यांची नजर आधी जमिनीकडे जाते आणि बहुधा तिथेच राहते. या सवयीपायी मामींचे मोठ्या देवळातले दर्शन दोनदा हुकले होते. पहिल्या खेपेस मामा पायऱ्यांचे सांधे तपासत राहिले, दुसऱ्या खेपेस मंडपाचा उतार. दोन्ही वेळा बारा वाजले आणि गाभाऱ्याचे दार मामींच्या तोंडावर बंद झाले. त्यांचे मागणे एकच होते, मामांच्या गुडघ्यांचे. पण ते बंद दाराला सांगायची त्यांची तयारी नव्हती.

यंदा आम्हा भाच्यांबरोबर सहलीच्या बसमधून उतरतानाच त्यांनी बजावले, "आज मान वर. छत बघा, कळस बघा, माणसं बघा. खाली बघाल तर याद राखा."

"अगं, अनवाणी चालायचं. न बघताही पायाला कळतंच."

कळले ते तिसऱ्या खांबापाशी. पुढे दोनशे माणसे होती आणि बाराला वीस मिनिटे कमी. मामांनी टाच आपटली, थबकले, रांग सोडून खाली बसले, बोटाच्या पेराने फरशी वाजवली आणि चक्क तिला कान लावला.

"झालं!" मामींनी कपाळावर हात मारला. "उठा हो, लोक बघताहेत!"

लोक बघतच होते. मागच्या एका बाईंनी हात जोडून विचारले, "काका, इथे काय आहे?"

"तुम्हीच ऐका. आधी शेजारची वाजवा, मग ही."

बाईंनी अगोदर कपाळ टेकवले, मग कान. "अगबाई, खरंच वेगळा आवाज येतो!"

एवढे पुरेसे होते. "अहो, खाली सिमेंटचा माल कमी पडलाय, म्हणून पोकळ वाजते, दुसरं काही नाही," असे मामा परोपरीने सांगत होते. तोवर फरशीवर फुलांचा ढीग झाला होता. रांगेतली माणसे एकेक करून खांबाकडे वळली, पर्यटक फोटो काढू लागले. सुरक्षारक्षकाने घसा बसेपर्यंत ओरडून पाहिले आणि शेवटी निमूटपणे दोरी बांधून तिथे दुसरी रांग लावली.

"आजोबा, निदान तुम्ही तरी उठा!"

"उठतो की. हात द्या आधी. गुडघे धरलेत."

या गोंधळात मूळ रांग ओस पडली. मामींनी एकदा मामांकडे पाहिले, एकदा रिकाम्या कठड्यांकडे, आणि ताडताड गाभाऱ्याकडे चालू लागल्या.

दार बंद झाल्यावर त्या बाहेर आल्या, तेव्हा मामांना आम्ही नुकतेच उचलून खांबाला टेकवले होते.

"झालं का दर्शन?" मामांनी चोरट्या आवाजात विचारले.

"चांगली दहा मिनिटं! कोणी पुढे ढकललं नाही. पुजारीच विचारत होते, माणसं गेली कुठे म्हणून."

"आणि गुडघ्यांचं?"

"सांगितलं. मग मागे वळून बघते तर तुम्ही अजून खालीच. म्हणून पुन्हा एकदा सांगितलं."