बापाच्या छातीवरची पोरगी

चामोर्शीकडच्या आमच्या गावात मी आशा कार्यकर्ती. गावात कुणाला दिवस गेले की नवऱ्याआधी मला कळतं आणि काळजीही मीच आधी करते. नवरे सावकाश करतात.

तलावाकाठच्या एका मासेमाराची बायको गरोदर होती. पहिलं लेकरू घरीच झालं, आणि बारशाआधीच गेलं होतं. म्हणून या खेपेला माझ्या चकरा वाढल्या. जावं तेव्हा नवरा मोहाची पिऊन खाटेवर, आणि सासू सुनेला अर्धपोटी ठेवून राहिलेली.

"जास्त खाल्लं तं लेकरू मोठं होते, मंग अडकते," सासू म्हणाली.

"मंग भाऊले उपाशी ठेवा, बाई. सुनेपेक्षा त्याचंच पोट मोठं दिसून राह्यलं."

सून पदराआड हसली. सासू हसली नाही, पण पुढच्या खेपेला सुनेच्या ताटात अंडं दिसलं.

अंगात रक्त कमी, त्यात पावसाळा. नाला भरला की गाडी येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवस भरायच्या आधीच हिला दवाखान्याजवळच्या माहेरघरात, म्हणजे गरोदर बायांना राहायला केलेल्या सरकारी खोलीत, आणून ठेवा. सासू अडून बसली. घरचा सयपाक कोण करेल?

"तुमीबी चला," मी म्हटलं. "तिथी बसल्या जागी जेवन भेटते."

तिथे विरोध संपला. नंतर भेटायला गेले तर दोघी पाय पसरून टीव्ही पाहत होत्या, आणि सासू सुनेला सांगत होती, "घाई नको करू."

मुलगी झाली, अगदी एवढीशी. आईला ताप चढला. नर्स म्हणाली, बाळाला ऊब पाहिजे, कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवा. सासूला खोकला. राहिला बाप. तो आला तो घमघमतच. मी त्याला दारातच अडवलं.

"भाऊ, लेकरू आहे, चखना नाई. आंघोळ करून या. अन् घेऊन नका येऊ."

दुसऱ्या दिवशी तो न पिता आला, केसांना तेलबिल लावून. नर्सने बाळ छातीवर ठेवलं तसा लाकडासारखा ताठ झाला.

"मले भेव लागते," तो हळूच म्हणाला. "पहिलीले मी हातबी नोता लावला."

मी त्याच्या पाठीमागे उशी ठेवली.

बाळाने अंग धरलं, आईचा ताप उतरला. घरी आल्यावरही तो बायकोच्या जुन्या लुगड्याने पोरगी छातीशी बांधून ओट्यावर जाळं विणत बसायचा. येणारेजाणारे विचारायचे, "काऊन बे, माय झाला का?"

"झालो," तो म्हणायचा. "दूध तेवढं येत नाई."

पोरगी बांधलेली असेपर्यंत त्याने दारूला हात लावला नाही. पुढे सणावाराला लावतो, आणि मी दिसले की घरामागे लपतो. पोरगी आता अंगणवाडीत जाते आणि बाकीच्या पोरांना चावते. तक्रार घेऊन त्या पोरांच्या आया माझ्याकडेच येतात.