नानांचे तीन बदाम

आपल्याजवळ असलेलं लपवण्यात आमच्या नानांचा हात धरणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. लोक गरिबी लपवतात, नाना बरकत लपवत. जळगावच्या एका जिनिंग कारखान्यात ते कापूस पारखायला होते. चिमूटभर रुई बोटांनी ओढून धाग्याची लांबी अचूक सांगायचे, आणि शेठनं "माल कसा आहे?" विचारलं की उत्तमातल्या उत्तम मालालाही "चालेल" म्हणायचे. मुलगी मॅट्रिकला शाळेत पहिली आली, तेव्हा आमच्या पत्त्यांच्या क्लबात "पास झाली" एवढंच सांगितलं. एकदा मला म्हणाले, "रविवारी पिठलं-भाकर खायला या." उगाच यांना तोशीस नको, म्हणून मी घरून जेवून गेलो, तर ताटात खापरावरचे मांडे, आमरस आणि कुरडया. वहिनी आग्रह करकरून वाढत होत्या आणि मी घाम पुसत होतो.

असा माणूस ब्रिजमध्ये दहा वर्षं माझा भिडू होता. या खेळात समोरच्या भिडूला पानं दाखवता येत नाहीत. जे सांगायचं ते बोलीतूनच. हातात जादा जोर असेल तर एक पायरी गाळून वरची बोली द्यायची, म्हणजे भिडू काय ते समजतो आणि थांबत नाही. नानांनी ती पायरी कधी गाळलीच नाही. हातात तीन एक्के असले तरी "दोन बदाम" असं हळूच म्हणायचे. मी पास म्हणायचो, आणि बोली संपून त्यांची पानं टेबलावर उघडी झाली की तणतणायचो.

"नाना, जोर आहे तर दाखवत का नाही?"

"खेळताना दिसेलच की. आपणहून कशाला सांगायचं?"

हे वळण थोरल्या भावानं लावलेलं. आबा धुळ्याचे नावाजलेले वकील. वडील लवकर गेल्यावर धरणगावचं घर त्यांनीच सावरलं. नानांची शाळा, नोकरी, लग्न, सगळं त्यांनीच ठरवलं. त्यांच्यासमोर नानांच्या तोंडून शब्द फुटत नसे. दरवर्षी धुळ्याच्या क्लबाशी आमचा सामना व्हायचा, विरुद्ध बाजूला आबा असायचे आणि आम्ही हरून यायचो. त्या वर्षी एस.टी.त, पारोळा मागे पडल्यावर, नाना एकाएकी म्हणाले, "एकदा आबांना हरवायचंय. त्यांच्या तोंडून 'बरं खेळलास' एवढं ऐकायचंय." नानांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

शेवटच्या रबरात, म्हणजे तीन गेमच्या फेरीत, दोन्ही बाजूंचा एकेक गेम झाला होता. पुढचा गेम ज्याचा, सामना त्याचा. मी "एक बदाम" म्हटलं. आबांनी पास म्हटलं आणि चष्म्यावरून भावाकडे पाहत घरच्या अहिराणीत विचारलं, "बोल, नाना. आज तरी तोंड उघडशी का?"

"तीन बदाम," नाना म्हणाले.

पायरी गाळली होती. गेमला चार बदामांची बोली लागते, मी फक्त 'चार' म्हणायचं होतं. पण मला वाटलं, आबांचं बोलणं झोंबलं, म्हणून बिचाऱ्याचा तोल सुटला. मी पास म्हटलं.

नानांनी पानं नीट ओळीनं मांडली. इस्पिकचा एक्का आणि राजा, चौकटचा एक्का, बदामचा राजा. मी बारा हात केले, पण बोली तीनचीच होती, गेमला दहा गुण कमी पडले. पुढचा डाव धुळेकरांनी मारला, आणि सामनाही.

आबा हसून म्हणाले, "नाना, तुना भिडूलेच तुनावर भरोसा नही शे."

नानांनी पानं गोळा करून पुड्यात भरली. परतीच्या गाडीत मी माफी मागायला लागलो, तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं काय चुकलं? मी दहा वर्षं गप्प राहिलो. एका दिवसात तुम्हाला तरी कसं खरं वाटावं?"

त्याच हिवाळ्यात आबा हृदयविकारानं गेले. दिवस-कार्य उरकून नाना जळगावला आले, पण क्लबाकडे फिरकले नाहीत. मी दोनदा बोलवायला गेलो. दुसऱ्या वेळी चहाची कपबशी पुढे करत ते म्हणाले, "आता कोणाविरुद्ध खेळायचं?"

त्यानंतर मला पुष्कळ भिडू मिळाले, माझ्याहून हुशार, मोकळ्या तोंडाचे. पण मला अजून त्या टेबलाशी जाऊन 'चार' म्हणावंसं वाटतं. नानांना हे मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्यांनी उलट माझीच समजूत घातली असती, आणि ती मला सोसली नसती.