मेहरुनबाईंनी बोलकं केलेलं मशीन

कसबा पेठेत यज्ञेश्वर साहेबांचा छोटा कारखाना होता. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे खालच्या पंपाला कळवणाऱ्या पेट्या तिथे बनत. एक पेटी वर, एक खाली, दोघींत एकेक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढा संगणक, आणि त्यांचं बोलणं तारेवरून. तयार झालेली प्रत्येक जोडी मेहरुन बागवान टेबलावर जोडून तपासत. सव्वीस वर्षं हेच काम. त्यांनी "जाऊ दे" म्हटलेली पेटी कधी परत आली नाही. नवरा जब्बार अर्धांगाने अंथरुणावर होता, त्यामुळे घरची चूल या टेबलाच्या जिवावरच पेटत होती.

मग हिंजवडीची नोकरी सोडून साहेबांची पुतणी पद्मजा आली आणि तिने पेट्या तपासणारं मशीन बनवलं. मशीन चाललं की बाईंचं काम संपलं, हे झाडलोट करणाऱ्या कुसुमलाही समजत होतं. पण मशीन पेटीशी बोलेना. मशीनला जोडलेल्या तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर आकड्यांच्या जागी बहुतेक वेळा नुसती गिचमिड. पद्मजाने दोघांचा बोलण्याचा वेग जुळवला, पाठवायची आणि घ्यायची तार उलटसुलट करून पाहिली, प्रोग्रॅम तीनदा लिहिला. आठवडा गेला.

बाईंना दुसऱ्याच दिवशी उमगलं होतं. लॅपटॉपला चार्जर लावलेला असला की आकडे नीट, काढला की गिचमिड. मशीनची वीज लॅपटॉपमधून, पेटीची वेगळी आणि दोघांचे निगेटिव्ह जोडणारी तारच नव्हती. चार्जर होता तोवर ते काम भिंतीतल्या अर्थिंगमधून परस्पर भागत होतं. बाई गप्प बसल्या. शहाणपणच केलं म्हणायचं.

पण साहेबांनी माणसं ओळखलेली. सगळ्यांदेखत म्हणाले, "मेहरुनबाईंना विचारू नका हं. त्यांचं काम हाताचं. इथे डोकं लागतं."

हा सापळा आहे हे बाईंना कळत होतं. तरी झोंबलं. माणसाचा अभिमान मोठा दळभद्री, पोटाचंही ऐकत नाही. त्या उठल्या, हिरव्या तारेचा वीतभर तुकडा घेतला, दोन्ही निगेटिव्हना गुंडाळला आणि चार्जर उपटला. आकडे ओळीने यायला लागले.

"अय्यो मावशी, ग्राउंडच कॉमन नव्हतं? इतकं सिंपल?" पद्मजा हसत सुटली.

साहेबांनी सावकाश चष्मा पुसला. "वा. दमला असाल आपण. एक तारखेपासून विश्रांती घ्या." दारातून पुन्हा वळले. "आणि ती तार नुसती गुंडाळलीय. सोल्डरने पक्की करून जा. निघाली तर उगाच आपल्याला बोलवत बसावं लागेल."

गरज सरो, वैद्य मरो हे ऐकलं होतं. इथे वैद्याकडूनच त्याची तिरडी बांधून घेतली. जोड कच्चा ठेवला असता तर महिन्याभरात कारखान्याचा माणूस दारात उभा राहिला असता. कुसुमने डोळ्याने तसं खुणावलंसुद्धा.

बाईंनी सोल्डरिंग आयर्न तापवला. कच्चा जोड कसा ठेवतात हे त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं. त्या तारेचं टोक आजतागायत सुटलेलं नाही आणि त्यांना कुणी बोलावलेलं नाही.