कळलावी मावशी

कळलावी मावशींचे हात मी कधी कोरडे पाहिले नाहीत. आमच्या कॉलेजच्या वनस्पती उद्यानात कोपऱ्यात एक नळ होता आणि त्याच्या तोटीला जुन्या मोज्यात बांधलेली साबणाची वडी लटकत असे. मावशी रबरी हातमोजे घालून काम करत, मग ते धूत, काढून वाळत घालत, कोपरापर्यंत हात धूत, नखं धूत, आणि पाच पावलं गेल्यावर काही आठवल्यासारख्या परत येऊन पुन्हा धूत. डबा त्यांनी बागेत कधी उघडला नाही. दोन जिने चढून प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात येत आणि तिथं बसून भाकरी खात. नवी मुलं हसायची. मावशींचं त्याकडं लक्ष नसे.

मी अध्यापिका म्हणून लागले तेव्हा जुळे सोलापुरातून स्कूटीवर यायचे. मावशी कुंभारीहून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या रिक्षानं यायच्या आणि माझ्या आधी पोचलेल्या असायच्या. माहेर मंगळवेढ्याकडचं, मेंढरांमागं फिरणारं घर. कॉलेजात त्या झाडलोटीला लागलेल्या. बागेचा माळी निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी मिळेना, म्हणून त्यांना तिकडं पाठवलं. पाठवणाऱ्यांनी फक्त पाणी घालायला सांगितलं होतं.

कळलावी हे त्यांचं नाव नव्हे, वेलीचं. पावसाळ्यात उगवते, पानांची टोकं तारेसारखी वळवून शेजारच्या झाडाला धरत वर चढते, आणि श्रावणात तिला अशी फुलं येतात की वाटावं कुणी चूल पेटवून उलटी टांगलीय. पिवळ्या बुडावर लाल ज्वाळा. वेल नखशिखांत विषारी, आणि सगळ्यात विषारी तिचा कंद. घरात लावली तर घरात भांडणं लागतात, असाही लोकांचा समज. मावशींनी आयुष्यात कुणाशी आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं नाही, तरी मुलांनी त्यांना हे नाव दिलं. त्यांना ते आवडायचं. ‘‘कळ लावायचं काम आपल्याला जमत न्हाय,’’ त्या म्हणायच्या, ‘‘निदान नाव तरी असू दे की.’’

ही वेल बागेत हवी, हा आमच्या विभागप्रमुख सरांचा हट्ट होता. तीन वर्षं त्यांनी कोकणातून कंद मागवले आणि तिन्ही वर्षं ते कुजले. सर बटाट्यासारखे कंदाचे तुकडे करायचे, बुरशीनाशकात बुडवायचे आणि आमच्या काळ्याभोर मातीत पुरायचे. चौथ्या वर्षी सर सुरी घेऊन बसले तेव्हा मावशी बादली खाली ठेवून म्हणाल्या, ‘‘सर, कापू नका. ते मरतंय.’’

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. मी मनात म्हटलं, आता मावशींचं काही खरं नाही. पण मावशी खाली बसल्या, हातमोजा घालून एक कंद उचलला आणि दाखवला. नांगराच्या आकाराचा, दोन फाटे असलेला. ‘‘दोन शिंगं असत्यात. शिंगाच्या टोकाला एकेकच डोळा. तितनंच कोंब येतो. मधला तुकडा नुसता पिठाचा गोळा, त्यातनं काय उगवायचं? आन् ह्या मातीत पाणी उभं ऱ्हातंय. तिला मुरूम पायजे. डोकं उन्हात, पाय सावलीत.’’

सरांनी सुरी खाली ठेवली. हा त्यांचा मोठेपणा. मावशींनी काळी माती गुडघाभर उकरून काढली, मुरूम, वाळू आणि शेणखत भरलं, उतार दिला, भोवती शेवग्याच्या फांद्या रोवल्या. कंद आडवे ठेवले, चार बोटं खोल, टोकांना धक्का न लावता. मृगाच्या सरींनंतर बारा कंदांतून अकरा कोंब वर आले. सर रोज सकाळी वर्गावर जाण्याआधी ते बघायला यायचे आणि वर्गात उशिरा पोचायचे.

फुलं आली, सगळं कॉलेज फोटो काढायला आलं, आणि फुलं गळून गेली. शेंग एकही नाही. दुसऱ्या वर्षी तेच. कंदानं वेल वाढते, पण हळू. एकाचे दोन व्हायला वर्ष जातं आणि निम्मे कंद काढतानाच मोडतात. रोपं शेकड्यानं हवी असतील तर बीच हवं. मी पुस्तकं चाळत होते. मावशी फुलासमोर स्टूल टाकून बसल्या होत्या, तीन सकाळी सलग.

‘‘ही काडी बगा की मॅडम,’’ त्यांनी मला बोलावून दाखवलं. फुलाच्या बुडातून निघालेली स्त्रीकेसराची काडी काटकोनात वळून बाहेर पडली होती, परागांपासून पार दूर. ‘‘पाठ करून बसलीय. रुसलीय. रानात फुलपाखरू येतंय, त्याच्या पंखाला पराग लागून समजूत निघती. हितं भिंतीच्या आत कोण येणार?’’

पुस्तकात हेच चार ओळींत होतं, पण ते मला नंतर सापडलं. मी चित्रकलेचा एक बारीक ब्रश आणून दिला. त्या श्रावण-भादव्यात रोज सकाळी आठ ते दहा मावशी एकेका फुलाची समजूत काढत फिरल्या. ज्या फुलाचं झालं त्याच्या देठाला लाल दोरा. दसऱ्यापर्यंत वेलीवर हिरव्या, बोटभर लांबीच्या शेंगा लोंबायला लागल्या. त्या पिकायला दिवाळी उलटायला हवी होती.

आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर प्राचार्यांचं पत्र आलं. तपासणी समिती येणार होती. कॉलेजात विषारी वनस्पती असल्याची तक्रार एका पालकांनी केली होती, शिवाय कार्यालयातल्या दोघांचं वर्षभर पटत नव्हतं आणि त्याचं खापरही वेलीवर फुटलं होतं. आठ दिवसांत वाफा साफ करा, असा आदेश. सर तेव्हा निवृत्त झाले होते आणि विभाग माझ्याकडं होता. मी मावशींना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, हात धुतले आणि म्हणाल्या, ‘‘मला सायबांकडं न्या.’’

प्राचार्यांच्या खोलीत मावशी पहिल्यांदाच काम नसताना आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. प्राचार्य सभ्य माणूस. त्यांनी समजावून सांगितलं, एखाद्या मुलानं तोंडात घातलं तर काय करायचं?

‘‘तुमच्या गेटावर कण्हेर हाय सायेब,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘सायकल स्टँडमागं धोतरा हाय. त्येबी विषच. त्येंला कोण उपटत न्हाय.’’

प्राचार्य म्हणाले, ‘‘त्यांची तक्रार आली नाही.’’

 मग मावशींनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मलाही माहीत नव्हतं. लहानपणी त्यांचा मेंढरांचा तळ एका गावच्या माळाजवळ पडला होता. मोठी माणसं मेंढरांमागं गेलेली. धाकट्या बहिणीला बांधाला कंद सापडले. रताळी म्हणून तिनं चुलीच्या हारात, निखाऱ्यांत भाजली आणि खाल्ली. मावशी पाणी आणायला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. बहीण तिसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर बापानं आणि गावानं मिळून सगळ्या माळावरची कळलावी खणून जाळली.

‘‘मीबी जाळली,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘माज्या हातानं. पर सायेब, ती आमच्या चुलीत चालत आली नव्हती. आमी नेली. आमाला वळख नव्हती म्हणून पोर गेली. आता माळावर एक वेल न्हाय, आन् गावातल्या एका पोराला वळख न्हाय. उद्या कुटं तरी एखादा कंद सापडला, तर पुन्यांदा रताळंच म्हणतील. वळख करून द्यायची तर झाड पायजे की.’’

 प्राचार्यांनी पत्र मागितलं, त्यावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं दिलं. वाफ्याला जाळीचं कुंपण, कुलूप, लाल अक्षरांची पाटी, वेल राहील. आणि खाली एक ओळ: प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ही वनस्पती मावशी दाखवतील.

तपासणी समिती आली तेव्हा मावशींनी कुलूप उघडून त्यांना आत नेलं, कशालाही हात न लावण्याची तंबी दिली आणि अर्धा तास बोलल्या. समितीतल्या एका बाईंनी वहीत लिहून घेतलं. मी लांब उभी राहून बघत होते आणि मला उगाचच माझ्या पदव्या आठवत होत्या.

दिवाळीनंतर शेंगा तडकल्या. आत शेंदरी मण्यांसारखं बी. त्यांतलं बी मावशींनी वाळूत पेरलं आणि वाट बघितली. कळलावीचं बी मनात आलं तर उगवतं. काही महिन्यांनी, काही वर्षानं. पहिल्या वर्षी रोप गवताच्या पात्यासारखं दिसतं, फुलायला चौथं वर्ष उजाडतं. विद्यार्थी येऊन पास होऊन गेले, पाती तशीच. मावशी म्हणत, ‘‘खाली काम चाललंय. वरनं कळत न्हाय.’’ चौथ्या श्रावणात बियांपासून केलेल्या सत्तावीस वेली एकाच आठवड्यात पेटल्या. त्या आठवड्यात मावशींनी सगळ्या विभागाला पेढे वाटले, अर्थात व्हरांड्यात, वर बोलावून.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी निरोप समारंभाला नकार दिला आणि त्याऐवजी एक टेम्पो मागितला. कुंभारीच्या पुढं वन खात्याचा एक कुंपण घातलेला मुरमाड उतार आहे; शेरडं-मेंढरं आत जात नाहीत. तिथल्या अधिकाऱ्यांना मावशी आधीच भेटून आल्या होत्या, परवानगीचा कागद पदराला बांधलेला. आम्ही तीस-चाळीस जण गेलो, हातमोजे घालून दोनशे कंद लावले, प्रत्येकाजवळ चुन्यानं रंगवलेला दगड ठेवला. शेजारच्या वस्तीवरच्या धनगरांना मावशींनी कंद हातात धरून दाखवला आणि सांगितलं, हे रताळं न्हाय. म्हातारी माणसं मान डोलवत होती. त्यांना आठवत होतं.

त्यानंतर दर पावसाळ्यात आम्ही दोघी एकदा तिथं जात होतो. गेल्या वर्षी गेलो तेव्हा मावशींचे गुडघे थकले होते, काठी आली होती. उतार फुलला होता. पांढऱ्या दगडांच्या रांगांवर रांगा, वर ज्वाळा. मी फोटो काढत मागं मागं सरकत होते, पार खाली, एका बोरीच्या झुडपापर्यंत.

‘‘मॅडम, पाय उचलू नका,’’ मावशी म्हणाल्या.

मी थांबले. त्या काठी टेकत हळूहळू खाली उतरल्या आणि माझ्या बुटाशेजारी वाकल्या. मला गवत दिसत होतं. त्यांनी काठीच्या टोकानं गवत अलगद बाजूला केलं. त्यात एक पातं होतं, वीतभर, जरा रुंद, जरा चकचकीत. जवळ पांढरा दगड नव्हता. शेवटची रांग पन्नास पावलं वर राहिली होती.

‘‘ही आपण लावलेली न्हाय,’’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आजूबाजूला काठी फिरवायला सुरुवात केली. झुडपाच्या पलीकडं दुसरं पातं निघालं. ओघळीच्या काठाला आणखी तीन. आठ सापडल्यावर मी मोजणं सोडलं. मावशी मोजत राहिल्या, मोठ्यानं, एकेक आकडा म्हणत, आणि उतारावरून खाली खाली जात राहिल्या.