एस्तेरला मी एपिडेमिओलॉजी घेऊ दिली नाही

मी एस्तेरवर जळायचे.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळे तिच्या चांगुलपणाबद्दल लिहितायत. ते खरंच आहे. पण मला माझं लिहायचंय.

ती दौंडची, रेल्वे कॉलनीच्या मागच्या चाळीतली. मी वरवंडची. आमच्या आज्यापर्यंत मेंढरं होती, आप्पांपासून शेती. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली मुलगी.

शिरूरला होमिओपॅथीला आम्ही एका वर्गात, एका रूमवर.

मी पहाटे उठून घोकायचे. ती आंघोळ करून आली की एकदा वाचायची. आणि मार्क माझ्यापेक्षा जास्त.

वर मलाच समजावून सांगायची. राग त्याचा जास्त यायचा.

मग दोघींनी पुण्यात एमपीएचला ॲडमिशन घेतली. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्य. घरी सांगितलं तर आप्पा म्हणाले, "म्हंजी पेशंट न्हाई तपासायचे?"

मी म्हटलं, एकेक पेशंट नाही, गावच्या गाव तपासायचं.

हे वाक्य एस्तेरचं होतं. मी माझं म्हणून वापरलं.

पहिलं सेमिस्टर संपलं आणि कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे खास विषय, निवडायची वेळ आली. पुढं आयुष्यभर काय करायचं, ते एका फॉर्मवर टिक करून सांगायचं.

मला एपिडेमिओलॉजीच हवी होती. कुठला आजार कुठं, कुणाला, का होतो, ते आकड्यांतून शोधायचं शास्त्र. सगळ्या हुशार पोरांना तेच हवं होतं. मार्कांवर मिळणार होतं.

खरं सांगते, जागा मला तशीही मिळाली असती. पण त्या वर्गात ती नको होती.

फॉर्म द्यायच्या दिवशी मी केडगावला पुण्याच्या डेमू गाडीत चढले. तिनं दौंडपासून माझी जागा धरून ठेवली होती. फॉर्म मांडीवर.

"मने, एपी घेऊ का ऑक्युपेशनल हेल्थ?"

ऑक्युपेशनल हेल्थ म्हणजे कामामुळं जडणारे आजार. आमच्या बॅचमध्ये ते कुणालाच नको होतं.

मी म्हणाले, एपीवाल्यांना नोकऱ्या दिल्लीला नाहीतर बेंगळुरूला. सरांनीच सांगितलंय. मामा एकटे राहतील का?

सरांनी असं काहीही सांगितलं नव्हतं.

तिची आई ती बारावीत असताना गेली होती. मामा, म्हणजे तिचे वडील, घरी एकटेच. मला हे माहीत होतं, म्हणून तर बोलले.

 उरुळी गेल्यावर तिनं पेन मागितला.

ऑक्युपेशनल हेल्थवर टिक केली. माझ्या पेनानं.

पुढच्या परीक्षेत माझ्या वर कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा. दोन-तीन महिने फार छान गेले.

मग ती प्रोजेक्टसाठी सणसवाडीच्या कारखान्यांत जायला लागली. प्रेस शॉपमध्ये, दिवसभर धडाधड पत्रा ठोकणाऱ्या मशिनांवर काम करणारी पोरं, कुणी बिहारचं, कुणी यूपीचं. एका खोलीत शिफ्टप्रमाणं झोपणारी. ती त्यांचे कान तपासायची.

परत आली की बोलत सुटायची. कोण कसा हसतो, कुणाचं लग्न ठरलंय, कुणाला डाव्या कानानं ऐकूच येत नाही आणि ते त्यालाच माहीत नाही.

माझ्या एक्सेल शीटबद्दल मला पाच मिनिटंसुद्धा बोलता यायचं नाही.

डिग्रीनंतर ती सणसवाडीतच एका संस्थेत लागली. मी पुण्यात. एसी ऑफिस, मोठं पद, डॅशबोर्ड. दिल्लीबिल्लीला कुणी बोलावलं नाही.

एका कामगाराची आई गावाहून तिच्यासाठी ठेकुआ, म्हणजे कणकेचा तळलेला गोड पदार्थ, पाठवायची. तिनं मलाही दिला. छान होता. मी अर्धाच खाल्ला.

मग कॅन्सर निघाला. सापडला तेव्हा पसरला होता.

डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर मी दौंडला गेले. ती कॉटवर, मामा दाराशी खुर्चीत. मला ते पोटात ठेवून राहवेना. डेमूतलं सगळं सांगून टाकलं. खोटं बोलले, मुद्दाम बोलले, तू त्या वर्गात नको होतीस म्हणून बोलले.

तिनं उशीवरून मान वर केली.

"तू असं म्हणालीस? मला आठवत पण न्हाई गं."

मामांनी विचारलं, "काय म्हणती ती?"

एस्तेरनं होता नव्हता तेवढा आवाज काढला. "मनी म्हणते, तिनं मला फसवलं."

"कवा?"

"कॉलेजात असताना."

मामांनी जरा विचार केला. मग च्या टाकायला आत गेले.

ते गेल्यावर तिनं सांगितलं. मामांचं सगळं आयुष्य फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपात गेलं, तिथंच कान गेले. आई शेवटी फार हळू बोलायची. रात्रंदिवस मामा तिच्या उशाशी होते, पण ती काय म्हणत होती ते त्यांना ऐकू आलं नाही. एस्तेरला मधे बसून मोठ्यानं सांगावं लागायचं. आईबापाचं खासगी बोलणंसुद्धा.

"फॉर्म यायच्या आधीच माझं ठरलं होतं," ती म्हणाली. "तुला आपलं असंच विचारलं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, तिच्या त्या सगळ्या कामामागं पाप म्हणून का होईना, पण माझा हात आहे.

तेवढाही नव्हता.

मग तिनं विचारलं, "तू का घेतलीस एपी?"

मी उठून च्याचे कप आणायला आत गेले.

तेरा दिवसांनी ती गेली.

दफनविधीला सणसवाडीची पोरं शिफ्ट सुटल्यावर तशीच आली होती, कंपनीच्या शर्टात. त्यातल्या एकानं विचारलं, "आप दीदी के साथ काम करती थीं?"

मी नाही म्हणाले.

त्यानं माझ्यासाठी जरा बाजूला सरकून जागा केली. तो रडत होता. मला त्याचाही हेवा वाटला.

मी मूठभर माती टाकली आणि मामांना धरून घरी आणलं. आता रविवारी जाते त्यांच्याकडं. मोठ्यानं बोलायला शिकतेय.

एस्तेर, शांत झोप.

मनीकडून, उशिरा का होईना, खरी श्रद्धांजली.